बळी दिला, बळी घेतला, बळी गेला : येशूच्या मरणाचे मराठी अर्थ

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक असते. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यांच्या ओव्या पाठ्यपुस्तकांत असतात, वाङ्मयेतिहासात असतात, आणि मराठी भाषा दिनाच्या भाषणांत तर हटकून असतात. पण त्या ओव्या ज्या ग्रंथातून उचलल्या, तो ‘क्रिस्तपुराण’ हा ग्रंथ भाषेच्या कौतुकासाठी लिहिलेला नाही. जवळपास अकरा हजार ओव्यांची ती रचना एका माणसाच्या मरणाकडे चालत जाते. तो माणूस निरपराध होता, त्याला गुन्हेगाराचे मरण आले, आणि त्या मरणाने जगाचे भले झाले, हे स्टीफन्सना त्यांच्या श्रोत्यांना पटवून द्यायचे होते. ते का आणि कसे, हा त्या ग्रंथाचा गाभा आहे. चारशे वर्षांपूर्वी मराठीत मांडलेल्या या प्रश्नातले भाषेचे कौतुक आपण ठेवून घेतले आणि प्रश्न मात्र ख्रिस्ती समाजाच्या अंगणात सोडून दिला. प्रस्तुत लेखात मला त्या प्रश्नाकडे वळायचे आहे.

त्यासाठी सुरुवात एका मराठी शब्दापासून करतो. ‘बळी’ हा शब्द आपण चार क्रियापदांबरोबर वापरतो. बळी देतात, बळी घेतात, कुणी बळी जातो आणि कुणी बळी पडतो. मरणारा एकच, पण क्रियापद बदलले की त्या मरणाचा कर्ता बदलतो. ‘दिला’ म्हटले की देणारा समोर येतो आणि ते कृत्य पवित्र ठरते. ‘घेतला’ म्हटले की मारणारा समोर येतो आणि तेच कृत्य गुन्हा ठरते. ‘गेला’ म्हटले की मरणाऱ्याकडे लक्ष जाते. ‘पडला’ म्हटले की कर्ता दिसेनासाच होतो. येशू का मेला, या प्रश्नाला निरनिराळ्या धर्मपरंपरांनी दिलेली उत्तरे मला या चार क्रियापदांत वाटून घेतलेली दिसतात. मराठीतल्या तीन मोठ्या लेखकांनी यांतले एकेक क्रियापद निवडले, आणि त्या निवडीमागे त्यांची त्यांची जागा आणि त्यांचा त्यांचा काळ आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी घटना पाहू. पोंतियुस पिलात हा इ.स. २६ ते ३६ या काळात यहूदियाचा रोमन अधिकारी होता. त्याच्या हुकमाने येशूला क्रुसावर चढवले गेले. क्रूस ही रोमन शिक्षा होती. गुलाम, बंडखोर आणि साम्राज्याला नकोसे झालेले लोक यांच्यासाठी ती राखून ठेवलेली होती. वेदनेइतकाच विटंबना हाही तिचा हेतू होता. शिक्षा भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत व्हायची. टांगलेला माणूस देवाकडून शापित, असे यहुदी धर्मशास्त्रात म्हटले होते. म्हणजे येशूच्या अनुयायांपुढे पेच होता तो असा : ज्याला आपण देवाचा अभिषिक्त मानले, तो राजाच्या नजरेत बंडखोर आणि शास्त्राच्या नजरेत शापित होऊन मेला. हे मरण समजावून सांगितल्यावाचून त्यांना एक पाऊलही पुढे टाकता येणार नव्हते.

नव्या करारातले ग्रीक लेखन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ‘पारादिदोमी’ म्हणजे हवाली करणे, हाती सोपवणे, हे एकच क्रियापद तिथे पुन्हा पुन्हा येते. यहूदा येशूला याजकांच्या हवाली करतो, याजक पिलाताच्या हवाली करतात, पिलात शिपायांच्या हवाली करतो. आणि पौलाच्या पत्रांत हेच क्रियापद देवासाठी येते : देवाने आपल्या पुत्राला हवाली केले. आणखी एके ठिकाणी ते खुद्द येशूसाठी येते : त्याने स्वतःला हवाली केले. फितुराचे, राज्यकर्त्याचे, देवाचे आणि स्वतः मरणाऱ्याचे कृत्य एकाच शब्दात बसवलेले आहे. मराठी बायबलात हा शब्द फुटतो. यहूदाच्या वाट्याला ‘धरून देणे’ येते, पिलाताच्या वाट्याला ‘स्वाधीन करणे’, देवाच्या वाट्याला नुसते ‘देणे’. भाषांतरकारांचा यात दोष नाही. मराठीच्या वळणाला तेच शोभते. पण मूळ भाषेत एकमेकांवर घासणारे अर्थ मराठीत वेगवेगळ्या दालनांत जाऊन बसले, एवढे मात्र झाले.

हे मरण मुळात झालेच नाही, असे म्हणणारी परंपराही आहे. कुराणाच्या चौथ्या सूरेत येशूला ठार केले गेले नाही, क्रुसावर चढवले गेले नाही, तसा केवळ भास झाला, असे सांगितले आहे. बहुतेक मुसलमान भाष्यकार त्याचा अर्थ असा लावतात, की अल्लाने आपल्या पैगंबराला वर उचलून घेतले. देव आपल्या निष्ठावंताला शत्रूच्या हाती पडू देणार नाही, ही त्यामागची श्रद्धा आहे. पंजाबातील अहमदिया पंथाचे संस्थापक मिर्झा गुलाम अहमद यांनी तर येशू क्रुसावरून जिवंत उतरला आणि पुढे काश्मीरात वारला, असे प्रतिपादन केले. यहुदी परंपरेने वेगळी वाट धरली. यशया संदेष्ट्याच्या ५३व्या अध्यायातला इतरांसाठी यातना सोसणारा सेवक म्हणजे येशू, असे ख्रिस्ती वाचक मानतात. अकराव्या शतकातल्या राशी या यहुदी भाष्यकाराने तो सेवक म्हणजे इस्राएलची सगळी प्रजा, असे म्हटले. १०९६ साली पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या जमावांनी ऱ्हाईन नदीकाठच्या यहुदी वस्त्यांत कत्तली केल्या, तेव्हा राशी हयात होता. त्या काळी बळी पडणारा कोण, हे त्याच्या समाजाला शोधायला लांब जावे लागत नव्हते.

त्याच सुमारास, १०९८ साली, अँसेल्म या धर्मपंडिताने ‘देव माणूस का झाला’ अशा अर्थाच्या नावाचा लॅटिन ग्रंथ पुरा केला. ‘बळी दिला’ या बाजूचे सर्वांत नेटके उत्तर तिथे सापडते. त्याच्या आधीचे काही धर्मगुरू म्हणत, की माणूस सैतानाच्या ताब्यात गेला होता आणि येशूचा जीव हा सैतानाला दिलेला मोबदला होता. अँसेल्मला हे पटेना. देव सैतानाचे काय देणे लागतो? त्याच्या मते देणे माणसाचे, आणि तेही देवाचे. पापाने देवाचा मान हिरावला गेला. तो भरून देणे माणसाचे कर्तव्य, पण ऐपत फक्त देवाची. म्हणून जो देव आणि माणूस दोन्ही आहे, त्यानेच ते फेडले पाहिजे. सरंजामी युरोपातली मानापमानाची कल्पना या युक्तिवादामागे आहे, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. पुढे सोळाव्या शतकात कॅल्विनने मानाच्या जागी न्यायासन आणले : शिक्षा आपली होती, ती येशूने भोगली.

मराठी वाचकाला यातला ऋणाचा भाग परका नाही. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही आपल्याकडची जुनी भाषा आहे, आणि बापाचे कर्ज मुलाने फेडायचे हा तर रोजचा व्यवहार. अडते ते कर्माच्या ठिकाणी. एकाचे कर्ज दुसरा फेडू शकतो. पण एकाचे कर्म दुसरा कसे भोगणार? ज्याचे त्यालाच भोगावे लागते, हे आपल्या हाडीमाशी भिनलेले आहे. हाच आक्षेप युरोपातूनही आला. टॉमस पेनने ‘एज ऑफ रीझन’मध्ये नेमके हेच म्हटले : पैशाचे देणे तिऱ्हाइताला आपल्या अंगावर घेता येते, अपराध घेता येत नाही, निरपराध्याला शिक्षा देऊन न्याय होत नाही. म्हणजे स्टीफन्सच्या श्रोत्याला जी अडचण वाटली असणार, ती श्रद्धेच्या अभावाची नव्हती. ती नीतीची अडचण होती.

स्टीफन्सनी तिला उत्तर दिले ते ग्रंथाच्या बांधणीतून. त्यांचा श्रोता नुकताच ख्रिस्ती झालेला साष्टीतला माणूस आहे. जुनी पुराणे काढून घेतलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला काहीतरी द्या, अशी मागणी ग्रंथाच्या आरंभीच येते, आणि पाद्री-गुरू सांगू लागतात. श्रोत्याने विचारावे आणि गुरूने उलगडावे, ही आपल्या पुराणांची रीत त्यांनी उचलली. ग्रंथाचे दोन भाग केले. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम आणि एवा यांचे पाप, संदेष्टे. दुसऱ्यात येशूचा जन्म, यातना, मरण आणि पुनरुत्थान. पहिले पुराण हे ऋणाचे खाते आहे आणि दुसरे त्याची फेड. जो श्रोता पहिल्या पुराणातून शेकडो ओव्या चालत आला, त्याला दुसऱ्या पुराणातले मरण अकस्मात वाटत नाही. शिवाय आदाम हा सगळ्यांचा पूर्वज असल्यामुळे पाप ‘दुसऱ्याचे’ राहत नाही. ते घराण्याचे होते. कर्माच्या हिशेबाला स्टीफन्सनी कुळाच्या हिशेबाने उत्तर दिले. हे मला त्यांच्या रचनेचे मोठे यश वाटते. वैकुंठ, मोक्ष, परमेश्वर हे शब्द त्यांनी घेतले याचे कौतुक आपण करतो. पण शब्दांपेक्षा हा हिशेब अधिक मराठी आहे.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो टाळून या ग्रंथाची समीक्षा पुरी होऊ शकत नाही. हा ग्रंथ कोणत्या भूमीवर लिहिला गेला? स्टीफन्स १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरले. तिथे १५६० पासून इन्क्विझिशन चालू होते. ‘कोलोक्यो’ या वनौषधींवरील प्रसिद्ध ग्रंथाचा कर्ता गार्सिया दा ओर्ता हा यहुदी कुळातला होता. तो १५६८ साली वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जाळण्यात आले. स्टीफन्स आल्यानंतर वर्षभराने, १५८०च्या डिसेंबरात, ओर्ताची हाडे थडग्यातून उकरून जाळली गेली. म्हणजे ‘बळी घेतला’ हे क्रियापद तिथे एका समाजावर रोखलेले होते : ख्रिस्ताला मारणारे ते यहुदी. गंमत अशी, की चर्चची अधिकृत शिकवण तेव्हाही तशी नव्हती. १५६६ साली निघालेल्या रोमन कॅटेकिझममध्ये येशूच्या मरणाचा दोष यहुद्यांपेक्षा पाप करणाऱ्या ख्रिस्ती लोकांवर जास्त येतो, असे सांगितले होते. पुस्तकात एक होते आणि चौकात दुसरे जळत होते. येशूच्या मरणाचा आळ त्या वेळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर घालता येणार नाही, हे व्हॅटिकनच्या परिषदेने स्वच्छ शब्दांत म्हटले ते १९६५ साली.

साष्टीतही बळींची कमतरता नव्हती. १५६७ साली तिथली देवळे पाडली गेली. १५८३च्या जुलैमध्ये कुंकळ्ळीत लोकांनी पाच जेझुइट पाद्र्यांना ठार केले. पुढे पोर्तुगीज सत्तेने कुंकळ्ळीच्या पुढाऱ्यांना आसोळणे येथील किल्ल्यात बोलावून त्यांची हत्या केली. चर्चने १८९३ साली त्या पाचांना धन्य घोषित केले. कुंकळ्ळीत आज त्या पुढाऱ्यांचेही स्मारक उभे आहे. एकाच गावाच्या दोन आठवणी, आणि दोन्हीकडे शब्द एकच : बळी. त्याच प्रांतात, रायतूर येथे, १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. साम्राज्याने क्रुसावर चढवलेल्या माणसाची कथा एका साम्राज्याच्या छत्राखाली सांगितली जात होती. अशा ठिकाणी ‘घेतला’ या क्रियापदावर भर देणे अवघड असते. ‘दिला’ सोयीचे असते, कारण त्यात पिलात दुय्यम ठरतो. स्टीफन्सच्या श्रद्धेबद्दल मला शंका नाही. पण ज्यांची देवळे नुकतीच पडली होती, त्यांना पिलाताकडे बोट दाखवून ‘तुमच्यावरही असाच हुकूम चालला’ असे सांगणे त्यांच्या जागेवरून शक्य नव्हते, हे नोंदवलेच पाहिजे.

ते सांगितले जोतीराव फुल्यांनी, सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतर, आणि ख्रिस्ती न होता. ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली. योगायोग असा, की तीही प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे : धोंडिबा विचारतो आणि जोतीराव सांगतात. पुराणाचा घाट फुल्यांनी पुराणांवरच उलटवला. वामनाने बळीला पाताळात ढकलले, या कथेत त्यांना अवतारलीला दिसली नाही; इथल्या रयतेच्या राजाचा कपटाने केलेला पाडाव दिसला. आणि मग ते येशूला दुसरा बळीराजा म्हणतात. दीनदुबळ्यांना दास्यातून सोडवायला उभा राहिलेला, आणि म्हणूनच मारला गेलेला. इथे ‘बळी’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात : यज्ञातला बळी आणि कुणब्याचा बळीराजा. अँसेल्मच्या प्रश्नाची फुल्यांना गरजच पडत नाही. देवाचा मान, ऋण, फेड यांतले काही त्यांच्या मांडणीत नाही. येशू का मेला? कारण त्याने ज्यांना जागे केले, ते जागे होणे काहींना परवडणारे नव्हते.

‘गुलामगिरी’ अमेरिकेत काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलेली आहे, हे सर्वांना माहीत आहे. पण तिच्यातला ख्रिस्त आणि त्या गुलामांच्या वंशजांचा ख्रिस्त यांतले साम्य आपल्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. जेम्स कोन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाने २०११ साली क्रूस आणि अमेरिकेत काळ्या माणसांना झाडाला टांगून मारण्याची प्रथा यांना शेजारी ठेवून एक पुस्तक लिहिले. क्रूस म्हणजे आधी झुंडीने आणि सत्तेने घेतलेला बळी, हे त्याचे प्रतिपादन. फुले जवळपास एकशेचाळीस वर्षे आधी त्या दिशेने निघाले होते. शिवाय फुल्यांचा बळी परत येणार आहे. बलिप्रतिपदेला आपल्या घरोघरी बळीचे राज्य मागितले जाते, आणि ख्रिस्ती माणूस आपल्या रोजच्या प्रार्थनेत देवाचे राज्य मागतो. या दोन मागण्या एकमेकींच्या किती जवळ आहेत, हे प्रथम फुल्यांनी ओळखले.

फुल्यांच्या मांडणीत काय सुटते? गेथशेमनेच्या बागेतली रात्र सुटते. शुभवर्तमानांत येशू त्या रात्री घाबरतो, हा प्याला टळावा अशी विनवणी करतो, आणि पळून जायला वाट असूनही थांबतो. मारणाऱ्यांकडे पाहत राहिले की मरणाऱ्याची ही निवड दिसत नाही. ‘बळी गेला’ या क्रियापदाचे हे क्षेत्र आहे. युरोपात बाराव्या शतकात पीटर अबेलारने अँसेल्मच्या हिशेबापासून दूर जात म्हटले, की क्रुसाने देवाचे मन बदलत नाही, माणसाचे बदलते. इतके प्रेम पाहून आपण प्रेम करू लागतो. मराठीत ही वाट नारायण वामन टिळकांची. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे वाटे, आणि त्यांनी ख्रिस्ताला माउली व गुरू या दोन्ही नात्यांनी हाक मारली. माउली म्हटल्यावर ऋणाचा प्रश्न आपोआप गळून पडतो. लेकरासाठी आई जे सोसते, त्याचा हिशेब कोणी मागत नाही, आणि ‘एकाचे दुसऱ्याने का भोगावे’ असेही तिला कोणी विचारत नाही. कर्माच्या आक्षेपाला मराठीत मिळालेले सर्वांत सहज उत्तर मला हे वाटते.

टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. १९१९ साली ते गेले तेव्हा आरंभीचेच थोडे अध्याय झाले होते. पुढचा मोठा भाग, आणि त्यातच येशूच्या यातना आणि मरण, लक्ष्मीबाईंनी लिहिले. ‘स्मृतिचित्रे’कार म्हणून आपण त्यांना डोक्यावर घेतो, क्रुसाची कथा मराठी ओवीत लिहिणारी स्त्री म्हणून त्यांचा विचार समीक्षेने क्वचितच केला. स्टीफन्सच्या बाबतीत जे झाले तेच इथेही झाले : जे आपल्या सोयीचे ते उचलले.

भक्तीच्या वाटेलाही एक धोका आहेच. माउलीच्या प्रेमात न्हालेल्या भजनात पिलात विरघळून जातो. मरण इतके गोड होते, की ते कोणी तरी घडवून आणले होते याचा विसर पडतो. आपल्या संतचरित्रांतही हे घडते. चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाचे बांधकाम करताना भिंतीखाली सापडून गेला. त्याच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येत होते, ही कथा आपण आवडीने सांगतो. त्या कामावर त्याला कोणी जुंपले होते, हे विचारत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा, की या तिघांना एकत्र वाचले पाहिजे. स्टीफन्सकडे रचना आहे, पण सत्तेला प्रश्न नाही. फुल्यांकडे सत्तेला प्रश्न आहे, पण मरणाऱ्याचे अंतरंग नाही. टिळक दांपत्याकडे अंतरंग आहे, पण मारणारा धूसर होतो. ग्रीकमधल्या एका क्रियापदात जे कोंबून बसवलेले होते, ते मराठीने तीन लेखकांत वाटून दिले. ‘क्रिस्तपुराणा’च्या देवनागरी आवृत्त्या १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी आणि १९९६ साली कारिदाद द्राग यांनी संपादित करून ठेवल्या आहेत. ‘गुलामगिरी’ कुठेही मिळते. ‘ख्रिस्तायन’ ग्रंथालयांत आहे. कामाला लागण्यासाठी आणखी कशाची वाट पाहायची गरज नाही.

हा प्रश्न केवळ ख्रिस्ती धर्मशास्त्राचाही नाही. गटारात उतरलेला कामगार गुदमरून मरतो आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘विषारी वायूने दोघांचा बळी’. त्या मथळ्यात त्यांना सुरक्षेच्या साधनांवाचून खाली उतरवणारा माणूस नाही. कर्जबाजारी शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो आणि तो बळी गेला असेही म्हणतो. ‘घेतला’ म्हणताना मात्र जीभ अडखळते. येशूच्या मरणावर दोन हजार वर्षे चाललेल्या वादातून मला मिळालेली गोष्ट एवढीच : कुठल्याही मरणाला पवित्र म्हणण्याआधी त्याचे क्रियापद तपासून घ्यावे.